आमच्या गावाला 'बेस व्हिलेज' म्हणू नका

प्रति,
पुण्यातले सगळे ट्रेकिंग ग्रुप, वर्षासहलींचे आयोजक आणि त्यांचे लीडर यांस,

स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर जूनमध्ये तुमचा मेसेज येतो. कोण टाकतं माहीत नाही, पण येतो. शनिवारी रात्री अकराला शिवाजीनगर, सव्वाअकराला डेक्कन, मग सिंहगड रोड. सोबत टॉर्च, दोन लिटर पाणी, कोरडे कपडे. चढाई मध्यम. रविवारी संध्याकाळी सातला परत. आणि मध्ये एक ओळ: 'बेस व्हिलेज – वेल्हे', म्हणजे तोरणा चढायला सुरुवात करायचं पायथ्याचं गाव.

मी त्या ओळीत जन्मले.

म्हणजे अगदी वेल्ह्यात नाही, वेल्ह्याच्या अलीकडे कानंदी नदीच्या काठच्या एका वाडीत. पण बाहेर कुणी गाव विचारलं की आम्ही सगळे वेल्हेच सांगतो, कारण दवाखाना, कचेरी, पोलीस ठाणं, लग्नाचा बस्ता नाही तर निदान हळद-कुंकू घ्यायचं दुकान, सगळं तिथं. गेली सत्तावीस वर्षं मी धायरीत राहते. तुमच्या गाड्या माझ्या गॅलरीखालूनच जातात. आतून 'जय भवानी, जय शिवाजी' ऐकू येतं, ते खानापूरपर्यंत टिकत असावं, कारण पाबे घाटात पोहोचेतो गाडीतली निम्मी मंडळी झोपलेली असतात. हे मला आमच्या भाच्याने सांगितलं. तो दोन हंगाम अशाच एका गाडीवर क्लीनर होता.

भांडायला म्हणून हे पत्र लिहीत नाही. थोडं भांडण आहे, ते मधेमधे येईलच. पण आधी पाबे घाटाबद्दल सांगते, कारण तिथं तुम्ही झोपता हे मला खरंच सहन होत नाही.

घाट चढून खिंडीत आलं की समोर आख्खं कानंद खोरं उघडतं. उजव्या हाताला तोरणा. नुसता डोंगर म्हणून बघितलं तरी मान वर करावी लागते. १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यात याच्याहून उंच किल्ला नाही. त्याची झुंजार माची आणि बुधला माची दोन्हीकडे पसरलेल्या. डाव्या अंगाला राजगड, आणि दोघांना जोडणारी लांबलचक सोंड, जिच्यावरून तुम्ही 'राजगड-तोरणा रेंज' करता. खाली भाताची खाचरं, एकाखाली एक, पायऱ्या उतराव्यात तशी. लहानपणी मी आजोबांबरोबर या खिंडीतून चालत यायचे तेव्हा ते इथं हमखास बसायचे आणि म्हणायचे, इथनं पाणी वाटून घेतं. मला वाटायचं म्हाताऱ्याचं काहीतरी. मोठी झाल्यावर नकाशा बघितला तर अक्षरशः खरं. या डोंगरधारेच्या अलीकडचा पाऊस आंबी आणि मोसे नद्यांतून मुठेला येतो, म्हणजे तुमच्या नळाला. पलीकडचा पाऊस कानंदी आणि गुंजवणीतून नीरेला जातो. आणि केळदच्या पुढं मढे घाटाच्या कड्यावर जो पडतो त्यातला बराचसा सरळ कोकणात, सावित्रीकडे. एकाच तालुक्याचं पाणी तीन वाटांनी. त्यातल्या दोन वाटा पुन्हा एक होतात. मुठेचं पाणी भीमेला मिळतं आणि नीरा नरसिंहपूरला नीराही भीमेलाच येऊन मिळते. माझं सासर दौंडच्या बाजूचं, सपाटीवरचं, तिथं डोंगर म्हणजे कॅलेंडरवरचं चित्र. पण सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, म्हणजे तू यायच्या आधीपासून तुमच्याकडचं पाणी आमच्याकडं नांदतंय.

आता गडाचा इतिहास. तुमचे लीडर तो चांगला सांगतात, खोटं कशाला बोलू. एकदा बिनी दरवाजात उभी राहून मी पूर्ण ऐकला आहे. शिवाजी महाराजांनी अगदी तरुण वयात तोरणा घेतला, गडाची डागडुजी करताना धन सापडलं, त्या धनातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, तिथं पंचवीसेक वर्षं राजधानी होती. मग राजधानी रायगडावर जाते, आणि तुमच्या गोष्टीतून आमचं खोरं संपतं. पुढं थेट 'चला, फोटो काढून घेऊ'.

मला त्या गोष्टीच्या आधीचं आणि नंतरचं हवं असतं. महाराज आले तेव्हा ही खोरी काही मोकळी नव्हती. कानंद खोऱ्यात मरळ देशमुख, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख आपल्या डोंगरात राजाच, आणि शेजारच्या खोऱ्याशी त्याचं सहसा पटत नसे. या लोकांना एकत्र आणणं हे गड घेण्यापेक्षा अवघड काम असावं असं मला वाटतं. आमच्या भावकीत बांधावरून चाललेला दावा तीन पिढ्या मिटला नाही, त्यावरून सांगते.

आणि नंतरचं? १७०४ साली औरंगजेब जातीने या डोंगरात आला होता. कितीतरी किल्ले त्याला पैसे मोजून, वाटाघाटी करून मिळाले. तोरणा लढून घ्यावा लागला. त्याने गडाचं नाव ठेवलं फुतुहुल्गैब, म्हणजे दैवाने दिलेला विजय. चार वर्षांत नागोजी कोकाट्यांनी माणसं चढवून गड परत घेतला आणि ते नाव गळून पडलं. पुढं हा सगळा मुलूख भोरच्या पंतसचिवांकडे. १९४८ च्या मार्चमध्ये भोर संस्थान विलीन झालं तोवर आम्ही पुणे जिल्ह्याचे नव्हतोच, आम्ही संस्थानी. माझी आजी शेवटपर्यंत 'भोरच्या राज्यात' असं म्हणायची, आणि पुण्याला जायचं असलं की 'इंग्रजांच्यात चाललो' असं तिचे वडील म्हणत, ते ती नक्कल करून दाखवायची.

त्या संस्थानात पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. प्रचंडगड म्हणजे तोरणा. तालुक्यांना गडांची नावं द्यायची रीत इथली जुनीच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भगव्या झेंड्यांचे स्टेटस ठेवले होते. मलाही वाईट वाटलं नाही. राजगड आमचाच आहे. फक्त माहेरी फोन केला तर चुलती म्हणाली, 'नाव बदललं व्हय? मग आता एसटी वाढंल का?' तिला मी काय सांगणार. वर्षभराने, २०२५ च्या जुलैत, राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये. तोरणा त्या १२ मध्ये नाही. आमच्या वाडीतल्या पोरांना याचं फार लागलंय. ज्याच्यातल्या धनावर राजगड उभा राहिला तोच बाहेर, असं त्यांचं म्हणणं. धाकट्या भावाचं घर थोरल्याच्या पैशानं बांधायचं आणि वास्तुशांतीला थोरल्यालाच आवतण नाही, असं आमच्या भावाने त्याचं वर्णन केलं.

हे झालं गडाचं. पण खरं मला जे बोलायचंय ते पानशेतचं आहे.

पुण्यात 'पानशेत' म्हटलं की पूर. १२ जुलै १९६१. त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी माणसं अजून पेठांमध्ये आहेत. पाणी कुठल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, कुणाचं काय वाहून गेलं, कुठल्या भिंतीवर खूण आहे. काम पुरतं झालेलं नसताना धरणात पाणी साठवलं, भिंत फुटली, खालचं खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठचं पुणं बुडालं. फार मोठं दुःख होतं ते, मी कमी करत नाही. पण पानशेत हे आधी एका गावाचं नाव आहे. पुराच्या आधी एक बुडणं झालं होतं आणि ते ठरवून केलेलं होतं. आंबी खोऱ्यातली गावं धरणासाठी उठली. माझ्या आजीची बहीण त्यातली. तिनं घर सोडताना चुलीतली राख पुरचुंडीत बांधून घेतली होती, ती पुढं नव्या जागेच्या चुलीत टाकली, आणि ती नवी जागा कशी होती तर आजूबाजूला एक डोंगर नाही. पुढं कैक वर्षं ती आमच्याकडं आली की नुसती ओट्यावर बसून तोरण्याकडं बघत राहायची. चहा गार व्हायचा.

धरण पुन्हा बांधलं. शेजारी मोसे नदीवर वरसगाव झालं. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी, त्यातलं २३ टीएमसीच्या वर या दोघांतलं, पानशेत आणि वरसगाव. दोन्ही आमच्या तालुक्यातली गावं. सरकारने जलाशयांना तानाजींचं आणि बाजी पासलकरांचं नाव दिलं हे बरं केलं, पण बुडालेल्या वाड्यांची नावं कुठल्या पाटीवर मला दिसली नाहीत. कानंदीवर धानेपजवळ आता गुंजवणी प्रकल्पाचं धरण आहे. ते पाणी पुरंदरकडं न्यायचं आहे. म्हणजे उरलेली वाटही वाटली गेली. उन्हाळ्यात आमच्या वरच्या धनगरवाड्यांवर बायका झऱ्याला रात्री नंबर लावतात. हे ऐकून तुमच्यातला एक जण मला म्हणाला होता, 'पण काकू, तुमच्याकडं तर केवढा पाऊस!' पाऊस असतो हो. तो थांबत नाही एवढंच.

तुम्ही जेव्हा येता तो आमचा सगळ्यात घाईचा महिना. जून-जुलै. उन्हाळ्यात राब भाजलेला असतो, म्हणजे झाडांची कवळं, पालापाचोळा, शेण पसरून रोपांची जागा जाळून घेतलेली. पावसाआधी पेर. रोपं वीतभर वर आली की खाचरात चिखलणी आणि मग लावणी. चार-पाच घरं मिळून एकमेकांची लावणी काढतात, कारण कामाला मजूर मिळत नाही. तरणी माणसं मुंबईत किंवा तुमच्या पुण्यात. २०११ च्या जनगणनेत आख्ख्या तालुक्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. पुण्याचा एखादा प्रभाग याहून मोठा असतो. आमच्या वाडीत बारा घरांपैकी सातांना कुलूप, ते गणपतीत, शिमग्याला आणि मेंगाईच्या जत्रेला उघडतं. उरलेल्या पाच घरांतल्या साठीच्या पुढच्या बायका गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं घेऊन (आता बहुतेकींच्या अंगावर खताच्या गोणीची खोळ असते, पण आमची चुलती इरलंच घेते, गोणीत घाम येतो म्हणते), दिवसभर वाकलेल्या असतात.

दोन वर्षांपूर्वी मी लावणीला माहेरी गेले होते. एका ग्रुपची पोरं-पोरी बांधावरून खाली उतरली. बांध ओला, माती सैल. चार जणांनी चार जागी फोडला. एकीने चुलतीला विचारलं, 'मावशी, परत एकदा वाका ना, रील नीट नाही आलं.' चुलती वाकली. तिला वाटलं पोरीचं काहीतरी पडलंय, ते शोधायचंय. मी तिथंच होते आणि मी काही बोलले नाही, याची मला अजून चीड येते. पोरं वाईट नव्हती. जाताना 'थँक्यू मावशी' म्हणाली. फुटलेल्या बांधातून रात्रभर पाणी गेलं आणि दोन खाचरांतली रोपं उताणी पडली.

दुसरी गोष्ट. एका पावसाळ्यात तोरणा उतरताना एका ग्रुपमधल्या मुलाचा पाय मोडला. फोन लागेना. आमच्या गावची सहा पोरं रात्री साडेआठला वर गेली, चादरीची डोली करून त्याला पहाटे तीनला खाली आणलं. लावणीचे दिवस, सगळी सकाळी परत शेतात. त्या ग्रुपच्या पानावर दोन दिवसांनी फोटो आले, 'आमच्या टीमचं यशस्वी बचावकार्य'. डोलीचे दोन दांडे धरलेले हात दिसत होते, चेहरे कापलेले. ग्रुपचं नाव सांगत नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल. पोरांना पैसे नको होते. त्यांना तो मुलगा बरा आहे का एवढं कळवायला हवं होतं. ते अजून कुणी कळवलेलं नाही.

तर मागणी काय, असं विचाराल. तिकीट लावा, बंदी घाला, असलं मी म्हणणार नाही. आमच्या तालुक्याला माणसांची पाठ आवडत नाही, तोंड आवडतं. पण पोहे-उपमा पुण्यातून डब्यात बांधून आणू नका. वेल्ह्यात, विंझरला, मार्गासनीला, गुंजवण्यात आणि वाजेघरात सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात करून देणारी घरं आहेत, आणि आमचा भात इथल्याच पाण्यावर शिजवून खाल्लात तर घरी नेलेल्या किलोभर तांदळाची चव वेगळी का लागते तेही कळेल. वाटाड्या गावातला घ्या. तुमच्या लीडरला वाट माहीत असते हे मान्य, पण त्याला करवी फुलायचं साल माहीत नसतं, कुठल्या टाक्याचं पाणी कधी पिऊ नये ते माहीत नसतं, आणि गावचा माणूस बरोबर असला की धनगरवाड्यावरची कुत्री तुमच्यावर भुंकत नाहीत. तुमच्या माहितीपत्रकात बुडालेल्या पानशेतचा एक परिच्छेद घाला. जे पाणी बाटलीत भरून गड चढता ते कुठून आलं हे चढताना वाचायला काय हरकत आहे?

आणि एकदा पावसाळा सोडून या. मे महिन्यात या. ऊन लागेल, ढग नसतील, रील होणार नाही. पण तोरणं, म्हणजे तोरणाच्या झाडीची रानफळं, पिकलेली असतात, पांढरी, मण्याएवढी, जिभेला किंचित चिकट. याच झाडीवरून गडाला तोरणा नाव पडलं असं आमच्याकडं सांगतात. खरं-खोटं इतिहासवाले बघतील, तोरणं मात्र खरी आहेत. केळदपर्यंत जा. मढे घाटाच्या तोंडाशी उभं राहा. सिंहगड घेताना तानाजी पडले आणि त्यांना या घाटानं खाली उमरठ्याला नेलं, असं आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलोय. पावसाळ्यात तिथं तुम्हाला फक्त धबधबा दिसतो. मे महिन्यात ती वाट दिसते, आणि खांद्यावर ओझं घेऊन ती उतरायची म्हणजे काय ते कळतं. अजून पलीकडं जायची तयारी असेल तर मोहरी, सिंगापूर, एकल ही अगदी कड्यावरची गावं. रायलिंगाच्या पठारावरून समोर लिंगाणा आणि मागं रायगड असा दिसतो की राजधानी इथनं तिथं का नेली असेल याचा विचार आपोआप डोक्यात येतो. त्या पठाराजवळच्या घरांतली माणसं आजही बाजाराला जायचं म्हणजे अर्धा दिवस घालवतात.

शेवटी त्या मेसेजबद्दल. मी त्यात दुरुस्ती करून ठेवली आहे, पुढच्या जूनला तेवढी चिकटवा:

'मुक्काम वेल्हे, कानंद खोरे, तालुका राजगड. पाबे खिंडीत गाडी दहा मिनिटे थांबेल, झोपलेल्यांना उठवले जाईल. नाश्ता आणि जेवण गावात. वाटाड्या गावातला. शेताच्या बांधावरून चालू नये. भातलावणी चालू असल्यास फोटो विचारून काढावेत. विचारायला वेळ नसेल तर दोन ओळी रोपं लावायला मदत करावी.'

शेवटचं वाक्य चुलतीचं आहे. मी काढत होते, ती म्हणाली राहू दे.

आपली,
कानंद खोऱ्यातली एक माहेरवाशीण
मुक्काम धायरी, पुणे